प्रज्ञावान मुलांच्या वेळापत्रकात खेळाला जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादे मूल वयाच्या मानाने फार पुढे आहे असे घरात किंवा शाळेत लक्षात आले, की त्याच्या दिवसातून सर्वांत आधी काटछाट होते ती खेळाची. पुढच्या इयत्तेची पुस्तके येतात, स्पर्धा परीक्षांचे वर्ग लागतात, संध्याकाळी बुद्धिबळाची शिकवणी सुरू होते. हे सगळे प्रेमापोटीच होते, मुलाची बुद्धी वाया जाऊ नये म्हणून. पण खेळ म्हणजे अभ्यासातून उरलेल्या वेळात द्यायचा विरंगुळा, हा समज या मुलांच्या बाबतीत फार नुकसान करतो. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

वर्गात जे शिकवले जाते ते या मुलांना पहिल्याच फटक्यात कळते. त्यामुळे सात-आठ वर्षे शाळेत काढूनही ‘हे मला येत नाही, तरी मी याला सोडणार नाही’ हा अनुभव त्यांच्या वाट्याला येत नाही. पुढे कधीतरी खरोखर अवघड काही समोर येते तेव्हा ती गांगरतात. ‘आपण हुशार नव्हतोच’ असा निष्कर्ष काढून तो विषयच सोडून देणारी मुलेही कमी नाहीत. तिथे बुद्धी कमी पडलेली नसते. अडल्यावर काय करायचे, याची सवयच कधी लागलेली नसते. ती लहानपणी लागते खेळात. खेळात अडले तर गुण जात नाहीत, फसलेला डाव पुन्हा मांडता येतो, आणि समोरचा भिडू तुमची इयत्ता बघून चाल करत नाही.

मी कशाला खेळ म्हणते ते आधी सांगायला हवे. जो मुलाने स्वतः निवडला आहे, ज्याचे नियम भिडूंच्या संमतीने बदलता येतात आणि ज्याच्या शेवटी कुणाला काही करून दाखवायचे नसते, तो खेळ. बुद्धिबळाच्या वर्गात सुरुवातीच्या चाली पाठ करणे हा सराव झाला. तो उत्तम असेल, पण त्याने खेळाची गरज भागत नाही. दोन्ही वेगळे ओळखायचे असतील तर एवढेच पाहा : शिक्षक नसताना मूल आपणहून पट मांडते का? ‘आज फक्त प्यादी ठेवू, ज्याचे प्यादे आधी पलीकडे पोहोचेल तो जिंकला’ असे काही त्याला सुचते का? यातले काहीच घडत नसेल, तर त्याच्या वेळापत्रकात आणखी एका विषयाची भर पडली आहे, इतकेच.

‘शैक्षणिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक खेळण्यांचेही तसेच. त्यांत एकच बरोबर उत्तर असते. चलाख मूल ते दोनदा जुळवते आणि तिसऱ्यांदा हात लावत नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी आपल्या बालशाळेला १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांच्या खेळसाहित्यातला तिसरा संच म्हणजे दोन इंच बाजूचा लाकडी घन, एकेका इंचाच्या आठ घनांत कापलेला. चौथ्या संचात तेवढाच घन, पण आठ चपट्या विटांत विभागलेला. यापलीकडे त्या संचांत काही नाही. आपल्या हाताला आकारांची जाण या ठोकळ्यांनी दिली, असे वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. वस्तू थोड्या आणि मांडण्या पुष्कळ, हा निकष लावला तर महागड्या खोक्यांपैकी फारच थोडी घरात येतील.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते एका खेळावरून बघू. निम नावाचा खेळ आहे. बटणे, खडे, बिया अशा पंधरा वस्तू घ्यायच्या आणि ३, ५ आणि ७ असे तीन ढीग करायचे. आपल्या पाळीला कोणत्याही एकाच ढिगातून हव्या तितक्या वस्तू उचलायच्या, निदान एक तरी. शेवटची वस्तू ज्याच्या हाती आली तो जिंकला. नियम मिनिटभरात कळतात आणि डाव दोन-तीन मिनिटांत आटोपतो. पहिले काही डाव मूल अंदाजाने खेळते. मग त्याच्या ध्यानात येते, की दोन सारखे ढीग उरले आणि पाळी समोरच्याची असली तर आपले काम सोपे आहे : त्याने एका ढिगात जे केले तेच आपण दुसऱ्यात करायचे. हा त्याचा पहिला शोध. आणखी बऱ्याच डावांनंतर कळते, की १-२-३ अशी मांडणी ज्याच्या पुढ्यात आली तो अडकला. त्याने काहीही उचलले तरी समोरच्याला दोन सारखे ढीग उरवता येतात. इथून मूल उलटे मागे जाऊ लागते. १-४-५ चे काय? २-४-६ चे काय? सुरुवातीच्या ३-५-७ मध्ये पहिल्या भिडूने कोणत्याही ढिगातून नेमकी एकच वस्तू उचलली तर पुढे अचूक खेळून तो जिंकतोच, इथवर पोहोचायला एखाद्याला आठवडा लागतो, एखाद्याला काही महिने. चार्ल्स बूटन या गणितज्ञाने या खेळाची पूर्ण उकल १९०१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशी द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या संख्या आहेत.

मोठी माणसे चुकतात ती इथे. मूल हुशार आहे, त्याला कळेल, म्हणून ती उकल लगेच समजावून सांगतात. मुलाला ती कळतेही. दोन दिवस ते दिसेल त्याला हरवत सुटते आणि तिसऱ्या दिवशी खेळ कपाटात जातो. ज्या महिनाभराच्या चाचपडण्यासाठी हा खेळ द्यायचा होता, तो महिना आपणच काढून घेतलेला असतो. उत्तर सांगू नये. ‘ही मांडणी आधी कधी आली होती का?’ एवढेच विचारावे, आणि हरलेल्या मांडण्या टिपायला एक वही हाताशी ठेवावी. मुलाने किल्ली शोधलीच तर नियम थोडा हलवावा, किंवा त्यालाच हलवू द्यावा. शेवटची वस्तू उचलणारा हरला असे ठरवले तर? एका वेळी तीनपेक्षा जास्त उचलायच्या नाहीत असे केले तर? जुनी युक्ती कुठवर चालते आणि नेमकी कुठे कोसळते, हे शोधण्यात पहिल्या शोधापेक्षा जास्त गणित आहे.

अशी मुले हरल्यावर फार बिथरतात, ही पालकांची नेहमीची तक्रार. पट उधळतात, ‘मला खेळायचेच नाही’ म्हणतात, हरायची वेळ आली की नियमावरून वाद उकरून काढतात. त्यांना ‘रडीचा डाव’ म्हणून चिडवले की प्रकरण आणखी चिघळते. ‘हुशार’ हीच ज्या मुलाची घरातली ओळख झाली आहे, त्याला प्रत्येक हार ही ती ओळख हिरावणारी वाटते. मोठ्यांनी मुद्दाम हरून दाखवण्याचाही उपयोग नाही. ही मुले ते चटकन ओळखतात आणि मग खऱ्या विजयावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

उपयोगी पडतात ते छोटे, झटपट डाव. एका बैठकीत दहा डाव झाले की त्यातल्या चार पराभवांचे ओझे राहत नाही. ताकदीत फरक असेल तर सवलत उघडपणे द्यावी. गो या खेळात कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच दोनपासून नऊपर्यंत सोंगट्या पटावर जास्तीच्या मांडू देतात, आणि तो सुधारेल तशा त्या कमी होतात. हीच रीत इतर खेळांनाही लावता येते. ‘मागच्या महिन्यात पाच घेत होतास, आता तीन’ हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. आणखी एक फार चांगला उपाय म्हणजे अर्ध्या डावात पट फिरवून बाजू बदलणे. आपणच बिघडवलेली स्थिती आता समोरच्याची झालेली असते, त्याने सावरलेली आपली. त्यामुळे मुलाचे लक्ष ‘कोण जिंकले’ यावरून आपोआप ‘इथून काय करता येईल’ याकडे वळते.

कौतुक कसे करतो यानेही फरक पडतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘तू फार हुशार आहेस’ असे ऐकलेली मुले, ‘तू खूप मेहनत घेतलीस’ असे ऐकलेल्या मुलांच्या तुलनेत अपयशानंतर लवकर हात टेकत होती आणि त्यांची कामगिरीही खालावली होती. प्रज्ञावान मुलांच्या कानावर पहिले वाक्य दिवसातून कितीदा पडत असेल! खेळ संपल्यावर ‘तिसऱ्या पाळीला तू बेत का बदललास?’ असा प्रश्न विचारला, तर मूल चालीविषयी बोलू लागते. आपल्या विचाराकडे मागे वळून पाहायला ते तिथेच शिकते.

अंकांशी खेळण्याचा वारसा तर आपल्या भाषेत आहेच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शाळेत शिकवणारे शिक्षक. ६१७४ या संख्येचा त्यांचा शोध तिसरी-चौथीतले मूलही कागद-पेन्सिलीने करून पाहू शकते. सगळे अंक सारखे नसतील अशी चार अंकी संख्या घ्या. त्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करा. उत्तरावर तेच पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. यानंतर कितीही वजाबाक्या करा, ६१७४ च येते. सुरुवात कुठूनही केली तरी फार तर सात पायऱ्यांत इथे पोहोचतो.

मुले घसरतात ती शून्यापाशी. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात. मूल तीनच अंक लिहिते, पुढची वजाबाकी शून्य येते आणि ‘नियम खोटा आहे’ असे ते जाहीर करते. तिथे लगेच दुरुस्ती करू नये. चार घरांची चौकट आखून द्यावी आणि ‘चौथ्या घरात काय आहे?’ असे विचारावे. ०९९९ लिहिले की गाडी रुळावर येते : ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. पुढचा प्रश्न मूलच विचारते : तीन अंकांचे काय? तिथे ४९५ मिळते. दोन अंकांचे? तिथे कुठेच थांबता येत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. चार अंकी संख्या एका जागी थांबतात आणि दोन अंकी का थांबत नाहीत, हा खरा प्रश्न आहे. दहा वर्षांचे मूल त्यात आठवडाभर रमले तर त्याला वजाबाकीच्या वेगळ्या सरावाची गरज उरत नाही.

बुद्धी पुढे आणि हात मागे, ही या मुलांची आणखी एक अडचण. सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बारा वर्षांच्या मुलाचा बेत असतो, कात्री मात्र सात वर्षांच्याच बोटांत असते. मग रेघ वाकडी गेली म्हणून तासाभराचे काम फाडून टाकले जाते. मोठ्यांना तो हट्ट वाटतो. त्याऐवजी हातांनी करायचे, पण पुन्हा पुन्हा करता येईल असे काम द्यावे. वीस सेंटिमीटर अंतरावर पुस्तकांचे दोन गठ्ठे ठेवायचे आणि ए-फोर आकाराच्या एकाच कागदाचा पूल करून त्यावर नाणी ठेवायची. सपाट कागद स्वतःच्याच वजनाने खाली वाकतो. दीड-दोन सेंटिमीटरच्या उलटसुलट लांबट चुण्या पाडल्या की तोच कागद नाणी पेलू लागतो. थोड्या वेळाने तोही बसतो, कारण मध्यभागी वजनाने चुण्या बाजूला फाकतात. खालून कागदाची आडवी पट्टी चिकटवली तर त्या फाकत नाहीत, पण हे मुलाने फाकताना पाहिल्यावरच सुचायला हवे. छोट्या बोटांनी चुण्या तिरक्या पडतात आणि पूल पिळवटतो. त्यासाठी रेघा आखायची पट्टी आणि शाई संपलेले पेन द्यावे. आधी रेघ दाबून घेतली की घडी सरळ येते. मोठ्यांची मदत इथेच थांबावी. घड्या आपण घालून दिल्या की तो पूल आपला झाला.

आता सवंगड्यांचा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सर्वांत दुर्लक्षित आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अत्यंत बुद्धिमान मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. या मुलांना खेळायला आवडत नाही असे नाही, तर त्यांना हवा तसा खेळ बरोबरीच्या मुलांना पेलत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. सहा वर्षांचे असे मूल पकडापकडीत तुरुंग, सुटकेच्या अटी, हेर, तह असे सगळे आणू पाहते. बाकीच्यांना फक्त धावायचे असते. दोन दिवस भांडणे होतात, तिसऱ्या दिवशी मूल कडेला पुस्तक घेऊन बसते आणि सगळे म्हणतात, ‘याला एकटेच राहायला आवडते.’

यावर मोठ्या मुलांची सोबत हा निम्मा इलाज आहे. तिथे नियम पेलतात, पण शरीराने हे मूल लिंबूटिंबू ठरते. त्याच्यावर राज्य येत नाही, त्याचे बाद होणे धरले जात नाही. काही दिवस ते चालते, कायम नाही. म्हणून दोन्ही गट हवेत. मोठ्यांत बसून खेळायचे खेळ आणि बांधकाम, बरोबरीच्यांत धावपळ. बरोबरीच्या गटात एक शिस्त उपयोगी पडते : एका दिवशी एकच नवा नियम, आणि तो सगळ्यांना दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे. दुसऱ्याला कळेल असे सांगणे आणि मताला टाकल्यावर आपला नियम पडला तरी खेळत राहणे, या दोन गोष्टी या मुलांना कोणतीही परीक्षा शिकवत नाही. बेढब धावते म्हणून मैदानातून सूट मात्र कधीही देऊ नये. सूट मिळालेले मूल आणखी बेढब होते.

कल्पनेतल्या खेळाकडेही ‘आता मोठा झालास’ म्हणून पाठ फिरवू नये. १८२६ मध्ये ब्राँटी भावंडांच्या घरी लाकडी सैनिकांचा एक संच आला. त्या सैनिकांना नावे मिळाली, मग राज्ये, नकाशे आणि हाताने लिहिलेली इवलीशी मासिके तयार झाली. हा खेळ ती भावंडे वर्षानुवर्षे खेळत राहिली आणि पुढे त्यांतल्या तिघी कादंबरीकार झाल्या. दहा-अकरा वर्षांचे मूल स्वतःच्या देशाचे कायदे लिहीत बसले असेल तर त्याला कागद द्यावेत आणि विचारल्याशिवाय ते वाचू नयेत.

वेळ किती द्यावा? सलग पाऊण तास ते एक तास, आणि तुकडे पाडून नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटे मांडामांड, वाटावाटी आणि वाद यांत जातात. बाहेरून पाहणाऱ्याला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो, म्हणून नेमका तेव्हाच कुणीतरी मोठे मध्ये पडते. वीस मिनिटांच्या तुकड्यात खेळ सुरू व्हायच्या आतच संपतो.

बक्षिसे, तारे, प्रमाणपत्रे यांना खेळात अजिबात थारा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मुळातच चित्रे काढायची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र देऊ असे आधीच सांगितले होते. पुढे मोकळ्या वेळात ही मुले बाकीच्यांपेक्षा चित्रांकडे कमी वळली. आवडीच्या गोष्टीवर मोबदल्याचे लेबल लावले की मूल मोबदल्याकडे बघू लागते.

शाळांना एक विनंती. वर्गपाठ लवकर संपवणाऱ्या मुलाला आणखी दहा गणिते देणे ही शिक्षाच आहे, आणि दोन महिन्यांत ते मूल मुद्दाम सावकाश लिहायला शिकते. त्याऐवजी खेळाची पेटी ठेवणाऱ्या शाळांचे कौतुकच आहे, पण ‘काम आधी संपेल त्याला पेटी’ हा नियम नको. त्याने मुले कामे उरकू लागतात. आणि जे मूल एकाच उदाहरणावर तीन पद्धतींनी विचार करत बसते, त्याच्या हाती पेटी कधीच लागत नाही. बऱ्याचदा वर्गातले सर्वांत प्रज्ञावान मूल तेच असते. आठवड्यातून निदान दोन तास पेटी सर्वांसाठी उघडी असावी.

त्या दोन तासांत शिक्षकांच्या हाती आणखी एक गोष्ट लागते. वेळ लावून घेतलेल्या चाचण्यांत जलद लिहिणारी मुले वर येतात. अक्षर वाईट असलेले, घरी वेगळी भाषा बोलणारे किंवा बुजरे मूल मागे राहते. खेळताना ते दिसते. एका वेळी दोनच मुलांकडे दहा मिनिटे बघावे आणि चार ओळी लिहाव्यात : नियम बदलून पाहिला का, हरल्यावर काय केले, किती वेळ एका अडचणीपाशी थांबले, दुसऱ्याला कसे समजावले. या नोंदींना गुण देऊ नयेत आणि पालकसभेत त्या वाचूनही दाखवू नयेत. आपण तपासले जातोय हे मुलांना कळले की ती शिक्षकांना आवडेल तसे खेळू लागतात आणि नोंदींचा उपयोग संपतो. वर्षभरात प्रत्येक मुलाच्या पाच-सहा नोंदी जमल्या, तर पुढच्या वर्षी कुणाला अधिक अवघड काम द्यायचे हे ठरवताना त्या गुणपत्रिकेशेजारी ठेवाव्यात.

आपली नम्र,
प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणात काम करणारी एक शिक्षिका